मला तर समजलेलं होतं की

२०२० ला केंद्राचे तीन कृषी कायदे आले, माल बाजार समितीबाहेर कुठंही विकायची मोकळीक देणारे, तेव्हा ते पटवून द्यायला आख्ख्या देशात सगळ्यात सोपं गिऱ्हाईक कोण असेल तर आमचे तात्या. निफाड तालुक्यातला कांदेवाला माणूस, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकवलेला, १९८० च्या कांदा आंदोलनात शाळा बुडवून रस्त्यावर जाऊन बसलेले. बाजार मोकळा करा, शेतकऱ्याला माल कुठंपण विकू द्या, हे संघटनेच्या शरद जोशींकडून ऐकलेलं ते चाळीस वर्षं घोकतायत. जून २०२० ला अध्यादेश निघाले तेव्हा मला पुण्यात मुद्दाम फोन करून म्हणाले, "बघ, साहेब सांगायचे तेच करतेत शेवटी."

असा माणूस सरकारने तीन-चार महिन्यांत हातचा घालवला. कसा ते सांगतो, कारण टीव्हीवर तेव्हा कायद्यांविरुद्धचं आंदोलन म्हणजे पंजाब नाहीतर खलिस्तान एवढंच चालू होतं.

सप्टेंबरात मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावी आलेलो. कांदाचाळीत एप्रिलपासून भरलेला उन्हाळी कांदा, त्यातला बराच खराब झालेला, आणि आम्ही दोघं बसून निवडत होतो. सडका कांदा हाताला लागला की बोट आत जातं, पाणी सुटतं, आणि तो वास दोनदा आंघोळ केली तरी नखात राहतो, मिटींगमध्ये कॅमेरा ऑन असला तरी वास पलीकडे जात नाही हे नशीब. लॉकडाऊनमध्ये मातीमोल गेलेल्या कांद्याला आत्ता कुठे जरा भाव आला होता. आणि १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली. त्याच आठवड्यात, १७ ला लोकसभेत आणि २० ला रविवारी राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने, शेतकऱ्याला स्वातंत्र्य देणारे दोन कायदे पास! तात्या हातातला कांदा बाजूला टाकत म्हणाले, "गाडी कुठंबी न्या म्हणतेत, फक्त बंदरावर नाय न्यायची."

पुढे २३ ऑक्टोबरला साठ्यावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळवाल्याला २ टन. आता तिसरा कायदा नेमका साठ्यावरची बंधनं सैल करणाराच होता ना? पण त्यातच मेख होती, फळं-भाजीपाल्याचा भाव दुप्पट झाला की मर्यादा लावता येते. म्हणजे भाव पडला की तुम्ही स्वतंत्र, आणि चढला की सरकार जागं. हे कुठल्या जाहिरातीत वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

कायद्यांविरुद्ध उठलेल्या पंजाबच्या शेतकऱ्यांचं भांडण आमच्यापेक्षा वेगळं होतं हे मान्य. त्यांचा गहू आणि भात हमीभावाने सरकार उचलतं, मंडीबाहेर बिनशुल्काचा व्यापार सुरू झाला की मंडी हळूहळू मरेल आणि मग हमीभावपण जाईल ही त्यांची भीती, बिहारने २००६ ला बाजार समिती कायदाच रद्द केला ते उदाहरण समोर होतं. आमच्या कांद्याला हमीभाव नाहीच, त्यामुळे तात्यांना सुरुवातीला त्यांचं म्हणणं फारसं पटायचं नाही. पण २६ नोव्हेंबरला दिल्लीकडे निघालेल्या लोकांवर त्या थंडीत पाण्याचे फवारे मारले आणि हायवे खणून ठेवले ते बघून ते गप्प झाले.

मग सुरू झालं समजावणं. २९ नोव्हेंबरच्या मन की बातमध्ये आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या एका मक्यावाल्याचं उदाहरण आलं, व्यापाऱ्याने पैसे थकवले होते, नवीन कायद्याने प्रांताकडे तक्रार केली आणि पैसे सुटले. खरंच चांगली गोष्ट. पण तात्यांनी पहिलं विचारलं की मका गेला काय भावाने, तर तो गेला होता हमीभावाच्या बराच खाली, त्या वर्षी मक्याचा हमीभाव क्विंटलला १८५० रुपये होता. ते काही रेडिओवर सांगितलं नाही.

डिसेंबरात ऑफिसातल्या एका सरदार मित्राने मला मेल दाखवला. मूळचा नांदेडचा, मराठी माझ्यापेक्षा चांगलं, नावावर एक गुंठा जमीन नाही. रेल्वे तिकिटं काढतो तिथून त्याला पीडीएफ आलेली, पंतप्रधान आणि शीख यांचं विशेष नातं. म्हणाला, "अरे मी गेल्या वर्षी कन्फर्म तिकीट मागत होतो, ते नाही दिलं आणि हे दिलं." कृषीमंत्री तोमरांचं आठ पानी पत्र त्याच महिन्यातलं. पत्रं, पुस्तिका, चर्चेच्या ११ फेऱ्या, आणि फेब्रुवारीत दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या आंदोलकांच्या वाटेत सिमेंटमध्ये रोवलेले खिळे. ८ फेब्रुवारीला राज्यसभेत पंतप्रधानांच्या तोंडून 'आंदोलनजीवी' हा शब्द आला तेव्हा तात्या हसले पण नाहीत. बिल्ला काढून पुसला आणि परत खिळ्याला लावला.

गंमत म्हणजे सरकारच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा सरकारच्या काही कामीच आला नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये कायदे तपासायला नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते, समितीने बोललेल्या ७३ शेतकरी संघटनांपैकी ६१ कायद्यांच्या बाजूने निघाल्या (दिल्लीच्या सीमेवर बसलेले समितीपुढे गेलेच नाहीत ती गोष्ट वेगळी). रिपोर्ट मार्च २०२१ ला कोर्टात गेला आणि तिथेच बंद पडून राहिला. मार्च २०२२ मध्ये घनवटांनी स्वतः बाहेर काढला, तोवर कायदे मेलेले.

१९ नोव्हेंबर २०२१, गुरुनानक जयंती, पंतप्रधानांचं सकाळी नऊचं भाषण. तपस्येतच काही कमी राहिली असेल, काही शेतकऱ्यांना समजावू शकलो नाही, कायदे मागे. मी लगेच गावी फोन लावला, तात्या कांद्याच्या रोपाजवळ होते, त्यांनी मोबाईलवर ऐकलेलं.

"समजावता आलं नाही म्हणतेत," मी म्हणालो.

"मला तर समजलेलं होतं की," तात्या म्हणाले. "जूनमदीच." मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. "ठेव आता, लाईट आली, मोटार चालू करतो."