त्रिग्लाव्ह, नोंद तिसरी: व्राता खोऱ्यातून, उत्तर कड्याच्या शेजारून

स्लोव्हेनियातील 2864 मीटर उंचीच्या त्रिग्लाव्हवर मी पहिल्यांदा गेलो तो क्रमा खोऱ्यातील लांब पण सोप्या वाटेने. यंदा जुलैमध्ये उत्तरेकडून, व्राता खोऱ्यातून तोमिन्शेक वाटेने माथा गाठला. पुढचे उद्दिष्ट उत्तर कड्यातील स्लोव्हेनियन मार्ग ही चढाईची वाट असल्यामुळे कडा शेजारून डोळे भरून पाहून घेणे, हाच या खेपेचा खरा हेतू होता.

व्राता खोऱ्यातला अल्याझ निवारा 1015 मीटरवर आहे, त्यामुळे माथ्यापर्यंत सुमारे 1850 मीटर चढावे लागते. निवाऱ्यापुढे थोड्याच अंतरावर कातळावर एक भलामोठा पिटॉन (खडकात ठोकायची खुंटी) आणि त्यात अडकवलेला कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) उभा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या पार्टिझन, म्हणजे प्रतिकार लढ्यातील, गिर्यारोहकांचे ते स्मारक आहे. पुढे वाट त्स्मिर या शेजारच्या डोंगराच्या उतारावरून चढते. लोखंडी खुंट्या आणि तारदोर पुष्कळ ठिकाणी आहेत, परंतु घसारा आणि वरून सुटणारे दगड यांमुळे हेल्मेट अनिवार्य समजावे. ही वाट चढण्यासाठी ठेवून उतरताना व्रातातच उतरणारी प्राग नावाची दुसरी वाट घेणे मला अधिक सुरक्षित वाटले.

सह्याद्रीच्या बसाल्टवर शिकलेल्या हाताला हा चुनखडक निराळाच लागतो. पावसाच्या पाण्याने दगड विरघळून त्यावर बोटभर रुंदीच्या पन्हळी पडलेल्या आहेत आणि दोन पन्हळींमधली कड सुरीसारखी धारदार असते. पकड उत्तम मिळते, मात्र तासाभरात बोटांची टोके सोलवटतात. हाच खडक पाणीही पोटात घेतो, म्हणून वाटेत पाण्याचा भरवसा न धरता मी तीन लिटर पाणी सोबत नेले आणि माथ्याखालच्या क्रेदारित्सा निवाऱ्यापर्यंत ते जवळजवळ संपले.

माथ्यावर पहिली नोंदलेली चढाई 1778 ची, म्हणजे आल्प्समधील सर्वोच्च शिखर माँ ब्लाँच्या पहिल्या चढाईच्या आठ वर्षे आधीची. खाणमालक झिगा झोइस यांच्या प्रोत्साहनाने विलोमित्सर, रोझिच, कोस आणि कोरोशेत्स हे चौघे दक्षिणेकडील बोहिन्य खोऱ्याच्या बाजूने गेले. त्यांच्यात शिकारी होते आणि खाणकामगारही होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण या डोंगराची ओळख आधी त्याच्या पायथ्याशी राबणाऱ्यांनाच झालेली होती. याकोब अल्याझ या धर्मगुरूंनी माथ्याची जागा विकत घेऊन 1895 मध्ये तेथे धातूचा छोटा मनोरा उभारला. तो आजही तेथे आहे.

उत्तर कडा सुमारे 1000 मीटर उंच आणि तीन किलोमीटर रुंद आहे. त्रेंता खोऱ्यातला शिकारी इव्हान बेर्गिन्त्स 1890 मध्ये त्यातून वर गेला, असे सांगितले जाते. 1906 मध्ये डोमेनिग, क्योनिग आणि राइनल यांनी तो चढून जर्मन मार्ग घातला. परंतु तोमिन्शेक वाटेवर दुर्बीण काढून मी सर्वाधिक वेळ पाहत बसलो तो चोप स्तंभ, म्हणजे या कड्यातला खांबासारखा उभा भाग. 1945 च्या उन्हाळ्यात, युद्ध संपून काही आठवडेच झालेले असताना, पन्नाशी ओलांडलेले योझा चोप आणि त्यांच्यासोबत पावला येसिह या स्तंभावर चढले. कड्यातच रात्री काढाव्या लागल्या. शेवटी येसिह यांची शक्ती संपली, तेव्हा चोप उरलेला भाग एकट्याने चढून मदत आणायला खाली गेले आणि येसिह कड्यातच सुटकेची वाट पाहत थांबल्या. त्या उभ्या भिंतीकडे पाहताना मनात एकच विचार येत होता, की चढण्याइतकेच थांबणेही अवघड असले पाहिजे. 1968 मध्ये बेलाक, कुनावेर आणि साझोनोव्ह यांनी हाच स्तंभ हिवाळ्यात चढला. पुढे 1975 मध्ये कुनावेर यांच्या नेतृत्वाखाली युगोस्लाव्ह पथकाने हिमालयातील मकालूच्या दक्षिण कड्यातून माथा गाठला, त्या पथकात बेलाकही होते.

स्लोव्हेनियन मार्गाची काठिण्यश्रेणी दोन ते तीन, म्हणजे खालचीच, आहे, त्यामुळे तो सोपा मानण्याचा मोह होतो. शेजारून पाहिल्यावर माझे मत बदलले. तेथील प्रश्न अवघड हालचालींचा नसून वाट शोधण्याचा आहे: एकसारख्या दिसणाऱ्या घळी, मधले पायऱ्यांसारखे टप्पे आणि चुकलो तर दोराशिवाय मागे फिरता येणार नाही अशा जागा. मी छायाचित्रांवरून हाताने आराखडा काढतो आहे. खालचा एक तृतीयांश भाग पूर्ण झाला आहे. मधल्या भागातील दोन घळी अजून एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून सप्टेंबरमध्ये सकाळचे तिरपे ऊन असताना पुन्हा व्रातामध्ये जाऊन तेवढीच छायाचित्रे घेणार आहे.