आधी तिची माय दाखवा

गाय घ्यायची म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, दूध किती पाहिजे? मला गाई घ्यायच्या होत्या पण दुधासाठी नाही, आणि हे लोकांना समजावता समजावता माझा अर्धा उन्हाळा गेला.

आमचा काटोल तालुक्यात संत्र्याचा बगीचा आहे. एका झाडाला वर्षाला 40-50 किलो शेणखत लागते, ते दरवर्षी ट्रॉलीने विकत आणून जीव मेटाकुटीला आलेला, आणि बाजूला लागून पडीक बरडी जमीन जिथे गवताशिवाय काही येत नाही. म्हणून ठरवलं की गवळाऊचा छोटा कळप करायचा, चरून खाणारा, दूध वासराला पिऊ द्यायचं, शेण बगीच्याला आणि गोऱ्हे मोठे झाले की विकायचे. गवळाऊ म्हणजे आपली नागपूर-वर्ध्याकडची पांढरी, चपळ जात, बैल एकदम पळणारा, 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून शंकरपटवाले, म्हणजे बैलांच्या शर्यती लावणारे, तर चांगल्या खोंडासाठी गावोगाव फिरून राहिले. दुधाचं म्हणाल तर एका वेताला सरासरी 600 लिटरच्या आसपास, दिवसाला दहा लिटरची संकरित गाय तेवढं दोन महिन्यात देऊन मोकळी होते. त्यामुळे दुधावरून गाय पारखायचा आपला जो नेहमीचा हिशोब असतो तो इथे चालतच नाही.

मग पारखायची कशावरून? माझा मावसभाऊ पशुवैद्यक आहे, नागपूरच्याच व्हेटरनरी कॉलेजमधून शिकलेला, त्याला मी दादा म्हणतो. तो म्हणाला बाहेरच्या देशात मांसासाठी कळप पाळतात ना, तिथे गाईला कोणी पिळत नाही, तिची नोकरी एकच, वर्षाला एक वासरू, तेही जगलेलं आणि दूध सुटेपर्यंत चांगलं वाढलेलं. तिथे गाय साधारण पाच ते नऊ-दहा वर्षं वयात सगळ्यात भारी वासरं देते, मग दात जातात, चरणं कमी होते, वासराचं वजन घसरते, आणि तपासणीत खाली, म्हणजे गाभण नाही अशी निघाली की तिला सरळ कळपातून काढतात, कापायला विकून पैसे येतात. दादा म्हणाला, तुझं गणितही तसंच आहे, फक्त शेवटचा भाग वेगळा. ते खरंच आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल आधीपासूनच बंद, 2015 पासून बैल-गोऱ्ह्याचीही बंद आहे, म्हणजे थकलेल्या गाईला शेवटी गिऱ्हाईकच नाही. म्हणून बाजारात म्हातारी गाय स्वस्तात मिळते. लोक म्हणतात स्वस्त पडली, पण तिची पेन्शन तुमच्याच खिशातून जाणार असते, हे दावं हातात घ्यायच्या आधीच धरून चालायचं.

मला सहा गाई आणि चार कालवडी पाहिजे होत्या. कोंढाळीपासून पुढे कारंजा घाडगे, आर्वीकडे नंद गवळी लोकांचे कळप आहेत, तिकडे आणि मधल्या आठवडी बाजारात मिळून तीन महिने फिरलो. सुरुवातीला मी काय करायचो तर दात पाहायचो. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षं, मग चार, सहा, आणि साडेचार-पाचला जुळले, म्हणजे सगळे आठ दात आले. जुळल्यानंतर दात मोजून काही कळत नाही, झीज पाहावी लागते, झिजले, फटी पडल्या, मग एखादा पडलेला. शिंगाच्या वलयांवरूनही लोक वय काढतात, जेवढी वलयं त्यात दोन मिळवायचे, पण बाजारात शिंगं कानसीने घासून तेल लावून अशी चकचकीत करून आणतात की दहा वर्षांची गाय पाचची वाटते. एका दलालाने तर मला चांगलंच बनवलं असतं. मस्त भरलेली कास, बाजूला गुटगुटीत वासरू, तिसऱ्या वेताची म्हणाला. दादाने हळूच सांगितलं, वासरू सोडायला लाव. सोडलं तर गाईने त्याला असं शिंग मारलं की बिचारं दोन पलट्या खाऊन पडलं. वासरू तिचं नव्हतंच! कास भरली होती कारण आदल्या संध्याकाळपासून तिला कोणी पिळलंच नव्हतं. दलाल हसला, म्हणे नवीन जागा आहे न भाऊ, बुजली. आम्ही चहा पिऊन निघालो.

त्या दिवसापासून मी दाताआधी वासरू पाहायला लागलो.

खरी शिकवण मिळाली ती कारंज्याकडच्या एका म्हाताऱ्या गवळ्याकडून, सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. त्यांच्या कळपात एक हाडकुळी गाय होती, फासळ्या मोजता येत होत्या, दात झिजून हिरड्यांना टेकायला आलेले, आणि मी तिच्याकडे पाहिलंही नाही, पुढच्या गुबगुबीत गाईपाशी जाऊन उभा राहिलो. काकाजी म्हणाले, "भाऊ, तुमी चामडं पाहून राहिले. थे लठ्ठ काहून हाय मालूम हाय? दोन सालापासून खाली हाय, खाते आन् बसते. हे वाळली काहून, तर इचं वासरू पाहा." वासरू पाहिलं. सहा महिन्यांचा गोऱ्हा, कळपातल्या सगळ्या वासरांत उंच, अंगावर चकाकी. गाईने स्वतःचं मांस उतरवून त्याच्यात घातलं होतं. तिचं आठवं वेत होतं, आणि त्यांच्या गायक्याला, म्हणजे गाई चारणाऱ्याला विचारलं तर त्याने बोटं मोजून आठही वासरं सांगितली, कोणतं कोणत्या पोळ्याच्या आगेमागे झालं, कोणता गोऱ्हा कोणाला विकला, एक कालवड सापाने गेली ती पण. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. गाईचं गाभणपण नऊ महिने नऊ दिवस धरतात, त्यात पुन्हा भरायला दोन-तीन महिने जोडले की वर्षाला वासरू येते, देशी गाईत तेवढं काटेकोर जमत नाही, पण हिचं अंतर तेरा-चौदा महिन्यांच्या वर कधी गेलंच नव्हतं. चराईवरच्या गाईत हे सोनं आहे.

पण म्हातारी घेताना नुसतं एवढ्यावर भागत नाही, आणि इथे दादाने माझे चार सौदे मोडले म्हणून मी तेव्हा त्याच्यावर चिडलो होतो. एक गाय, सातव्या वेताची, सगळं छान, पण सड बाटलीसारखे जाड झालेले आणि कास गुडघ्याच्या खाली लोंबत. दादा म्हणे, हिला माणूस पिळू शकतो, पण रात्री रानात व्यायली तर नवं वासरू एवढा जाड सड तोंडात धरणार कसा, आणि पहिल्या काही तासात चीक पोटात गेला नाही तर वासरू हातचं गेलंच समज. दुसरीचा एक सड आंधळा होता, चारही सडातून धार काढून पाहिली तेव्हा कळलं. तिसरी मऊ मातीत ठीक चालायची, कडक रस्त्यावर आणली की मागचा पाय टाकताना उचकायची, आणि चरणाऱ्या गाईचे पायच गेले तर बाकी सगळं असून काय कामाचं. चौथीचं मात्र वाईट वाटलं. विकणाऱ्या बाईनेच प्रामाणिकपणे सांगितलं की मागच्या साली सातव्या महिन्यात गाभडली आणि वार अडकली होती. असं ऐकलं की आधी ब्रुसेला, म्हणजे गाभडवणारा संसर्गाचा रोग डोक्यात यायला पाहिजे, तो माणसालाही होतो. रक्त तपासल्याशिवाय नाही म्हणालो, तिने तपासू दिलं नाही, विषय संपला. बाकीच्या सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि गाभण म्हणून सांगितलेल्या गाईंना दादाने हात घालून पाहिलं, तीनपैकी दोन गाभण, एक खाली. खाली निघालेल्या गाईचा मालक म्हणे तुमचा डॉक्टर कच्चा आहे. असो.

ती हाडकुळी गाय घेतली. चांदी नाव. दात झिजलेले म्हणून घरी तिला वेगळं बांधून कुटार भिजवून आणि थोडी सरकी ढेप, एवढा लाड करावा लागतो. घरी आणल्यावर आमची आई म्हणाली, "काय बापा, गाय आणायले गेला होता का हाडं?"

आता कालवडींचं सांगतो, कारण इथे मी खरी माती खाल्ली.

म्हातारी गाय पारखणं सोपं आहे असं मला आता वाटते, तिचा सगळा हिशोब मागे पडलेला असतो, तुम्हाला फक्त तो वाचायचा असतो. कालवडीचं काहीच झालेलं नसते. तिचं पाहायचं काय? कंबर रुंद, मागची दोन हाडं एकमेकांपासून लांब, म्हणजे विताना अडचण कमी, पाय सरळ, चार सड सारखे आणि एकमेकांपासून सुटे, डोळा शांत. आणि वजन. पूर्ण वाढलेल्या गाईच्या साठ-पासष्ट टक्के वजन झाल्याशिवाय वळूकडून भरवायची नाही. आमच्याकडे काटा कुठे, टेपनेच काढतो, छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून मागच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 660, किलो आले. 54 इंच घेर आणि 46 लांबी असेल तर 203 किलो, गवळाऊ कालवडीला तेवढं झालं की मी हो म्हणतो. बाहेरदेशी म्हणे दोन वर्षांची होता होता पहिलं वासरू येते, आपल्याकडे चराईवर साडेतीन-चार वर्षं लागतातच, त्यात घाई केली तर कालवडीचीच वाढ खुंटते.

हे सगळं मला पाठ होतं. आणि तरी बाजारात एक कालवड अशी दिसली की मी पाघळलो. दोन दाती, पांढरीशुभ्र, गळ्याखालची पोळी झुलणारी, वशिंड नीट, अंग भरलेलं, मुलगा सोबत होता तो म्हणे बाबा हीच. दादा त्या दिवशी नव्हता. मी मोजली, 230 च्या वर वजन, घेतली. विचारलं काहीच नाही. म्हणजे लसीचं विचारलं, कानातला पिवळा टॅग पाहिला, पण ती कोणाची, कशी जन्मली, हे काहीच नाही.

वर्ष गेलं, ती माजावरच येईना. बाकी तिघी आल्या, फळल्या. आधी वाटलं माज मुका असेल, म्हणजे येत असेल पण दिसत नसेल, मग मिनरल मिक्श्चर सुरू केलं, मग जंताचं औषध, शेवटी दादाला बोलावलं. त्याने हात घातला आणि चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणे, अरे आत गर्भाशय वाढलेलंच नाही, ही जुळी होती का? मूळ मालकाचा पत्ता काढून फोन केला तर तो सहज म्हणाला, "हो न, गोऱ्ह्यासंग झाली होती, गोऱ्हा तर मस्त आहे अजून." त्याने लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. गाईला एक गोऱ्हा आणि एक कालवड असं जुळं झालं की पोटातच दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जुळतात, नराचं संप्रेरक मादीत जाते आणि तिचे आतले अवयव वाढतच नाहीत, अशा शंभरातल्या नव्वदच्या वर कालवडी कायमच्या वांझ. बाहेरून सहसा काही दिसत नाही, उलट वासराचा भार नसल्याने अंग अजूनच भरते.

बाकी तिघी मात्र काकाजींच्याच कळपातल्या होत्या, आणि त्यातली एक चांदीची सातव्या वेताची पोर, ती काकाजींनी आधी द्यायला नाही म्हटलं होतं. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दिली, म्हणे "माय घेतली तं पोरगी बी ने, पण वळू आमचा नको वापरू, थो तिचा बाप हाय." म्हणून वळू वेगळ्या गावचा आणला. आता कोणी कालवड दाखवायला आलं की मी आधी म्हणतो तिची माय दाखवा, कितव्या वेताची आहे, सड कसे आहेत, जुनी झाल्यावर कशी दिसते, आणि ही एकटी झाली की जुळी. माय विकली गेली म्हणाले तर मी शक्यतो पुढे बोलत नाही.

आणताना एक गोष्ट, बाजाराची पावती, डॉक्टरचं प्रवासाचं सर्टिफिकेट आणि टॅग नंबर गाडीत समोरच ठेवा, गाई घेऊन जाणारी गाडी रस्त्यात कोणीही थांबवते आणि कागद शोधत बसलं की गर्दी जमते. आणि नवीन जनावर तीन-चार आठवडे वेगळं बांधा, 2022 चा लम्पी, तो गाईंच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, पाहिलेला माणूस हे विसरणार नाही.

चांदी या पावसाळ्यात नवव्यांदा व्यायली, रात्री, एकटी, बरडीवर. सकाळी गेलो तर वासरू उभं राहून पित होतं. तिच्या पोरीला सातवा महिना लागला. आणि ती जुळ्यातली गोरीपान कोठ्यात सगळ्यात पुढे बांधलेली असते, शेण देते बगीच्याला, तेवढंच. मागच्या रविवारी नागपूरहून एक जण गाई पाहायला आले, चांदीला ओलांडून थेट तिच्यापाशी गेले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, बाकी राहू द्या, हिचं काय घेसान ते सांगा."