श्रोणीचे फ्रॅक्चर : माझा अनुभव

वडोदऱ्यातील दांडिया बाजारात रस्ता ओलांडताना एका मोटारीने मला डाव्या बाजूने धडक दिली. अंगावर रक्त जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे जमलेले लोक मला हातापायांना धरून रिक्षात घालायला निघाले होते. एका दुकानदारकाकांनी त्यांना थांबवले आणि १०८ ला फोन केला, याबद्दल मी आजन्म त्यांची ऋणी राहीन. श्रोणीचे, म्हणजे ओटीपोटाभोवतीचे, हाड मोडले की रक्तस्राव आतल्या आत होतो, आणि माणसाला कसेही उचलल्याने हाडे हलली तर तो वाढतो. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याने चादरीची रुंद घडी करून ती कमरेला नव्हे, तर त्याखाली दोन्ही खुब्यांवरून आवळली, तेव्हा प्रथमच मला नीट श्वास घेता आला.

एक्स-रेत पुढचे, म्हणजे जघनास्थीचे फ्रॅक्चर दिसले. "एवढेच आहे, ताई," असे तेथील डॉक्टर म्हणाले, पण माझा भाऊ सीटी स्कॅनसाठी अडून बसला. श्रोणी हे हाडांचे कडे आहे. बांगडी पिचली की सहसा एकाच जागी तुटत नाही, तसेच याचे असते, आणि बाजूने धडक बसली असेल तर पुढच्याबरोबर मागचे हाडही तपासलेच पाहिजे. सीटीत माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला डावीकडे चीर आढळली. हाडे सरकली नव्हती, म्हणून शस्त्रक्रिया टळली.

घरी आल्यावर सर्वांत कठीण गेले ते कूस बदलणे. गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, वहिनी खांद्यापाशी आणि भाऊ कमरेपाशी उभे राहून, तीन म्हणताच मला ओंडक्यासारखे एकसंध वळवीत. कोणाचा हात अर्धा क्षण जरी मागे राहिला तरी पाठीतून कळ जाई. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज इंजेक्शन घ्यावे लागे, ते वहिनींनी शिकून घेतले. पुढे वॉकर आला, तोही डाव्या पायावर डॉक्टरांनी सांगितला तेवढाच भार देऊन.

डिस्चार्जच्या कागदावर मात्र फक्त पुढचेच फ्रॅक्चर लिहिले होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे इजा कागदपत्रांवरूनच सिद्ध करावी लागते, म्हणून भावाने सीटीचा अहवाल घेऊन दोन खेपा घातल्या आणि त्रिकास्थीच्या फ्रॅक्चरची नोंद सही-शिक्क्यानिशी करून आणली.