तुम्ही विचारलंत म्हणून: जनसुनावणीत बोलून होतं तरी काय?

जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण परवानगी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायची जाहीर सभा. नागपूरजवळच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या कोराडी-खापरखेडा पट्ट्यातला कुणीही भेटला की हा प्रश्न येतोच. प्रकल्प वरच ठरलेला असतो, मग भर उन्हात मंडपात बसायचं कशाला? कोराडीतल्या 660 मेगावॅटच्या दोन नव्या वीजनिर्मिती संचांची सुनावणी मे 2023 मध्ये झाली, आणि नागपूरचा मे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

नुसतं बोलून फारसं काही होत नाही, हे खरंच आहे. तिथे मतदान नसतं, निकालही लागत नाही. परवानगीबाबत शिफारस करणाऱ्या दिल्लीच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जातं ते इतिवृत्त. तुम्ही कितीही पोटतिडकीने बोललात तरी इतिवृत्तात जेवढं उतरलं तेवढंच तुम्ही बोललात असं धरलं जातं. "आमच्या गावाला फार त्रास आहे" हे वाक्य "काही ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली" असं उतरतं, आणि त्यापुढे कंपनीचं उत्तर येतं, "नियमांचे पालन केले जाईल." विषय संपला.

म्हणून आकडे घेऊन जा. राखडीचा, म्हणजे जळालेल्या कोळशाच्या राखेचा, हिशेब वहीच्या अर्ध्या पानात बसतो. दोन संच मिळून 1320 मेगावॅट. 85 टक्के क्षमतेने चालले तर दिवसाला साधारण 2.7 कोटी युनिट. एका युनिटला अंदाजे 650 ग्रॅम देशी कोळसा धरला तर रोज 17,500 टन. त्यात 35 टक्के राख, म्हणजे सहा हजार टनांच्या आसपास. 25 टनी हायवा ट्रक धरला तर 240 खेपा, तेही रोज. आता माइकवर विचारा: यातली किती राखड सिमेंट कारखान्यांकडे जाणार आणि त्यांचे करार कुठे आहेत? गाड्या कुठल्या रस्त्याने जाणार, ताडपत्री कोण तपासणार? उरलेली राख साठवायच्या कुठल्या बंधाऱ्यात, आणि त्या बंधाऱ्याची पावसाळ्यापूर्वीची तपासणी कुणाच्या सहीने? जुलै 2022 च्या पावसात कोराडीजवळच्या खसाळ्याचा राख बंधारा फुटून गाळ शेतांत आणि नाल्यांत गेला होता, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नाला "काळजी घेऊ" हे उत्तर पुरत नाही. सोबत पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानांवर बसलेल्या राखडीचा फोटो द्या, पण तारीख आणि गट क्रमांकासह. नुसता फोटो कुठलाही असू शकतो.

हे आकडे प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाच्या मराठी सारांशात शोधू नका. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्रात बघायला ठेवतात. सारांश गुळगुळीत असतो. पाण्याचा ताळेबंद आणि राखेची विल्हेवाट मूळ जाड इंग्रजी अहवालात सापडते. कॉलेजातली दोन पोरं बसवली तर दोन संध्याकाळी पुरतात. हरकत लेखीच द्या, दोन प्रतींत, सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

सगळ्यात जास्त बिनसतं ते रोजगारावर. एका बाजूला शेतकरी, दुसरीकडे कंत्राटी कामगार, आणि मंडपात दोघांचंच भांडण लागतं. व्यासपीठावरच्यांना ते सोयीचंच. जुने संच बंद करा म्हणणाऱ्याने कामगारांचं काय हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याचं कोण ऐकेल? म्हणून सुनावणीच्या आधीच दोन्ही गटांनी एकत्र बसून एक मागणी लिहावी: जुन्या संचांवर किती कंत्राटी कामगार आहेत, संच बंद झाल्यावर किती सामावले जाणार, त्यांची भविष्य निर्वाह निधीची थकबाकी किती, राखड वाहणाऱ्या चालकांसाठी काय, आणि सौर प्रकल्पाचं प्रशिक्षण द्यायचं तर कुठल्या आयटीआयमध्ये, कुणाच्या खर्चाने. जिथे खर्च लिहिलेला नाही तिथे आश्वासन आहे एवढंच समजा.

सुनावणीच्या दिवशी आणखी एक गोष्ट हमखास हुकते. शेवटी कामकाजाचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचे अधिकारी त्यावर सही करतात. पण तोवर लोक जेवायला गेलेले, गाडी सुटायची घाई. पाच जणांनी खुर्ची सोडू नये. आपला मुद्दा गळला असेल तर तिथेच उभं राहून "हे नोंदवा" म्हणा. चित्रीकरण सक्तीचं आहे, तेही तुमच्या बाजूने असतं.

परवानगी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात, अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. पण वकिलापेक्षा आधी परवानगीपत्रातल्या अटी वाचा. त्या पाळल्याचा अहवाल कंपनीला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागवून एकेक अट गावात फिरून तपासायची: झाडं लावली म्हणतात ती कुठे आहेत, विहिरींचं पाणी कधी तपासलं, कुठली विहीर. अहवालात विहीर असते आणि गावात नसते, असंही निघतं.