पाणी कोमट, उंदीर निवांत

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात भर उन्हाळ्यात टाकीचा प्रयोग घ्यायचा म्हणजे उन्हाशीच गाठ. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत. गोल टाकी, दूध पावडर घालून गढूळ केलेलं पाणी आणि त्यात बुडालेला छोटा चौथरा. खोलीतल्या खुणा ध्यानात ठेवून उंदराने तो शोधायचा.

माझी एम.फार्म.ची विद्यार्थिनी चाचणीच्या आधी व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची सुई देऊन बघत होती. नऊ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच छोटी साखळी, मूत्रपिंडाकरवी शरीरातलं पाणी राखतं, पण त्याचा धागा स्मृतीपर्यंत जातो. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा मागचा भाग काढलेले उंदीर शिकलेलं लवकर सोडून देतात आणि व्हॅसोप्रेसिन दिलं की ते टिकतं, हे हॉलंडच्या डेव्हिड डी वीड यांनी १९६०च्या दशकात दाखवलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी नुसतं सलाइन दिलेले उंदीर टाकीत सोडले, तर गडी तरंगतच राहिले. व्हॅसोप्रेसिनवाले मात्र सरळ चौथऱ्यावर. पोरीचा चेहरा खुलला. मला एवढा फरक काही पचेना.

उंदरांची देखभाल करणाऱ्या भाऊंनी पाण्यात हात घातला. "त्याइले सारं याद हाय सर. पानी कोमट हाय, बाहेर कायले निंघतीन?"

थर्मामीटर ३१ दाखवत होता. बसस्टँडवरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणून पाणी २४ अंशांवर आणलं. तेच आळशी गडी थेट चौथऱ्यावर!

म्हणजे फरक आठवणीत नव्हता, बाहेर पडायच्या घाईत होता. व्हॅसोप्रेसिनने रक्तदाब वाढतो, जनावर सावध होतं. डी वीड यांच्या निष्कर्षांवरही पुढे हाच आक्षेप घेतला गेला. पोरगी जराशी हिरमुसली, पण आम्ही वेळापत्रकच फिरवलं. सुई शिकवणी संपल्याबरोबर आणि चाचणी दुसऱ्या दिवशी, म्हणजे तोवर औषधाची तरतरी उतरलेली.

बर्फाचं पोतं झटकत भाऊंनी वेगळंच विचारलं. शेतात झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं विष ठेवण्याआधी ते बिनविषाचं आमिष टाकून उंदरांना सवय लावतात, कारण एकदा त्रास झालेला उंदीर ते पुन्हा शिवत नाही. "याच्या उलटं, इसरायचं औषध नाही का सर? आमिषातच कालवलं असतं."

व्हॅसोप्रेसिनसारखं पेप्टाइड पोटात गेलं की पचून जातं, म्हटलं. भाऊंना ते पटलेलं दिसलं नाही.