कानांच्या आलेखांची वर्गवारी : जालन्यातून आमची वाटचाल

जालना म्हटलं की लोकांना बियाणं आणि स्टील आठवतं. आमच्या फर्मचं पोट भरतं ते स्टीलमुळे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या कामगारांचे कान दरवर्षी तपासायचे आणि अहवाल द्यायचा, एवढंच काम घेऊन मी सुरुवात केली. कर्ज काढून ऑडिओमीटर घेतलं, भाड्याच्या गाळ्यात साउंडप्रूफ खोली बसवली. पुढे श्रवणयंत्रांची विक्री आली, गावोगावची शिबिरं आली. हा भाग कुठल्याही छोट्या व्यवसायासारखाच आहे.

मला लिहायचंय ते कपाटात साठत गेलेल्या आलेखांबद्दल. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा प्रत्येक सूर किती डेसिबलला ऐकू आला, हे ऑडिओग्रामवर मांडतात. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. मिलमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाची रेघ बहुधा ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरते आणि ८००० ला थोडी वर येते. वयामुळे ऐकू कमी आलं असेल तर ती उतरतच जाते. लहानपणापासून कान वाहणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला हवेतून आलेला आवाज कमी ऐकू येतो, हाडावाटे दिलेला मात्र नीट कळतो.

पण खड्डा कशाला म्हणायचं आणि उतार कशाला, यावर आमच्याच दोन ऑडिओलॉजिस्टचं, म्हणजे श्रवणतज्ज्ञांचं, एकमत होईना. कामगाराच्या दृष्टीने हा शब्दांचा खेळ नाही. अहवालात 'गोंगाटामुळे' लिहायचं की 'वयोमानानुसार', यावर त्याची नुकसानभरपाई आणि पुढची नेमणूक अवलंबून असते.

जगात अशा आलेखांच्या वर्गवारीच्या दोन वाटा दिसल्या. अमेरिकेत मार्गोलिस आणि सॅली यांनी २००७ मध्ये तज्ज्ञांच्या निर्णयांवरून नियम बसवून वर्गीकरणाची पद्धत मांडली. २०१० मध्ये बिसगार्ड आणि सहकाऱ्यांनी २८ हजारांहून जास्त ऑडिओग्राममधून संख्याशास्त्राच्या आधारे १० प्रमाण नमुने काढले. आमच्याकडे संख्याशास्त्र शिकलेला गावातलाच एक मुलगा कामाला लागला, तेव्हा दोन्ही वाटा जोडायचं ठरवलं. त्याने गाउसियन मिक्श्चर मॉडेल लावलं. हे मॉडेल सारख्या आकाराच्या आलेखांचे गट पाडतं आणि प्रत्येक आलेख कुठल्या गटात बसण्याची किती शक्यता आहे, हेही सांगतं. मला त्यातली ही शक्यताच सगळ्यात मोलाची वाटते. दोन गटांत जवळपास सारखी विभागली गेली, की तो कागद थेट तज्ज्ञाच्या टेबलावर जातो.

पहिल्याच फेरीत एक अनोळखी गट निघाला : फक्त २५० आणि ५०० हर्ट्झला कमी ऐकू येणारे, वरचे सूर उत्तम. कागद चाळले तर बहुतेक सगळे शिबिरांतले. शाळेचा वर्ग, शेजारी पिठाची गिरणी, खिडक्या उघड्या. अशा घरघरीत आधी खालचे सूर बुडतात. आकड्यांच्या हिशेबाने तो गट खराच होता, पण त्यामागे आजार नव्हता. तपासणी कुठे झाली हे आता आम्ही प्रत्येक आलेखासोबत नोंदवतो आणि शिबिरातल्या खालच्या सुरांना मॉडेलमध्ये कमी वजन देतो.

तज्ज्ञाचं ज्ञान असं आधीच आत शिरलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. निकाल लागल्यावर सही करण्यापुरता तज्ज्ञ बसवून भागत नाही. मिलमधल्या एका क्रेनचालकाचा डाव्या कानाचा आलेख मॉडेलने बऱ्याच खात्रीने 'गोंगाट' गटात टाकला होता. उजवा कान मात्र स्वच्छ. कारखान्याचा गोंगाट सहसा दोन्ही कानांना सारखाच गाठतो, त्यामुळे एकाच कानाला कमी ऐकू येत असेल तर त्यामागे श्रवणनसेवरची गाठही असू शकते. आमच्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी तो कागद बाजूला काढला आणि त्या भाऊंना कान-नाक-घसा डॉक्टरांकडे पाठवलं.

तेव्हापासून दोन्ही कानांच्या आलेखांची तुलना मॉडेलच्या आधी होते. लागोपाठच्या दोन सुरांवर १५ डेसिबलहून जास्त फरक दिसला, की गटाचं नाव छापायचंच नाही, डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची. डॉक्टरांचा निर्वाळा येईपर्यंत अशा माणसाला आम्ही श्रवणयंत्र विकत नाही, मग तो रोख पैसे घेऊन आला तरी.