पिंजरा कुठे ठेवायचा?

घरात कॉकाटिल किंवा बजी, म्हणजे पाळायचे छोटे परदेशी पोपट, आणायचं ठरलं की ओळखीतले लोक मला हमखास विचारतात, "पिंजरा कुठे ठेवू?" (लाल चोचीचा आपला हिरवा पोपट नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पाळणं गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवते.) बहुतेकांच्या मनात उत्तर तयारच असतं: स्वयंपाकघरात. तिथे दिवसभर माणसांचा वावर असतो, पक्ष्याला सोबत होते. माझं उत्तर एकच, स्वयंपाकघर सोडून कुठेही.

आपण श्वास घेतो तेव्हा नवी हवा फुफ्फुसातल्या जुन्या हवेत मिसळते. पक्ष्याचं तसं नसतं. त्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि श्वास सोडतानाही ताजी हवा आत जातच राहते. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू त्याला असा मिळतो, पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने रक्तात जातो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत ते यासाठीच, विषारी वायू आहे हे माणसांआधी पक्ष्यावरून कळावं म्हणून.

नॉनस्टिक तव्यावर टेफ्लॉनचा थर असतो. तवा गॅसवर रिकामा राहून साधारण २६० अंशांच्या पुढे तापला की त्या थरातून वायू सुटायला लागतो. आपल्याला वासही येत नाही, आणि पलीकडच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतो. मधलं दार लावून भागत नाही. सोलापुरात ज्वारीची भाकरी लोखंडी तव्यावरच होते, हे बरंच आहे. डोसा-आम्लेटही त्यावरच करा. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, इस्त्री यांनाही तोच थर असू शकतो, घेताना विचारून घ्या.

धुराचंही तेच. संध्याकाळचा ऊद, कापूर, रात्रीची मच्छर अगरबत्ती, वरून रूम फ्रेशनर. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नको.

पिंजऱ्याकडेही नीट बघा. जाळी आणून वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेतात, ती जाळी बहुधा जस्ताचा मुलामा दिलेली असते. पक्षी चोचीने दिवसभर ती कुरतडतो आणि ते जस्त पोटात जातं. व्हिनेगर लावून ब्रशने घासलं की वरची पांढरी भुकटी निघते, धोका कमी होतो, पण संपत नाही. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा घ्या. दोन गजांमधलं अंतर बजीला अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. आणि दाणापाण्याची ती वर सरकणारी छोटी दारं! कॉकाटिल चोचीने दार उचलतं, मान बाहेर काढतं, चोच सुटते आणि दार थेट मानेवर येतं. माझ्या पिंजऱ्यात अशा प्रत्येक दाराला स्टीलची क्लिप आहे. दाणे घालायला दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

आता खास आपल्या सोलापूरची गोष्ट. पिंजऱ्यावर रात्री टाकायला घरोघरी टॉवेल असतोच. आपल्या टेरी टॉवेलला दोऱ्याचे बारीक फास असतात. पक्षी गजाला धरून चढतो, नखी त्या फासात अडकते, तो घाबरून झटके देतो आणि पाय मोडतो. कधी असं सापडलं तर ओढू नका. एका हाताने त्याचं अंग अलगद धरा, छाती दाबू नका, कारण छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. दुसऱ्याला कात्रीने दोरा कापायला सांगा. झाकायला साधी घट्ट विणीची सुती चादर बरी. दोऱ्या सुटलेली खेळणीही काढून टाका.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर दारूकाम होतं, त्या रात्री तर जपाच. अंधारात आवाज झाला की कॉकाटिल बिथरून पिंजऱ्यात आपटत सुटतं, पंखातून रक्त येतं. खोलीत झिरोचा दिवा चालू ठेवा. एप्रिल-मेमध्ये चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल, तर ऊन लागतंय. लगेच थंड खोलीत हलवा, पायांवर साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नको.

खाण्यात चहात बुडवलेलं बिस्किट नको, चॉकलेट नको, ॲव्होकॅडो अजिबात नको. मिरची चालते, पक्ष्याला ती झोंबतच नाही, पण शेंगा चटणी नको, त्यात मीठ असतं. शेंगदाणे कुबट वाटले तर फेकून द्या, बुरशीचं विष यकृतावर जातं. बाहेर सोडायचं तर आधी पंखा बंद, आरशावर कापड, बादल्यांवर झाकण.

आणि एक काटा घ्या, ग्रॅममध्ये मोजणारा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवता येत नाही. कॉकाटिल साधारण ८० ते १०० ग्रॅमचं असतं. त्यातले आठ-दहा ग्रॅम उतरले, किंवा तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते पक्षी तपासतात का, हे मात्र आजच फोन करून विचारून ठेवा. सगळेच तपासत नाहीत.